न वाजणारं कडं

पडदा सरकला आणि आवाज झाला नाही. खरं तर हेच व्हायला हवं होतं. याच एका गोष्टीसाठी मायाक्कानं सव्वा वर्ष घालवलं होतं. एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये, नाकावर चष्मा, हातात जाडी मोजायचं व्हर्नियर, आणि समोर कॉम्प्युटरवर एक कडं. पडद्याच्या दांडीत अडकवायचं, बांगडीहून लहान, साधं कडं. त्यानं दांडीवरून धावायचं पण तोंड उघडायचं नाही, एवढीच अट. गुरुवारी सकाळी साच्यातून निघालेली पहिली आठ कडी तिनं घरी आणली, सासू डुलकीत असताना दांडीचं एक टोक सोडवून तिच्या खाटेभोवतीच्या पडद्याची जुनी कडी काढली आणि नवी बसवली. नवी बसवायला दांडीला हात लावावा लागला नाही, कारण कडं मधून उघडतं आणि चापून बसतं, तीही सोय तिचीच. मग ती कामावर गेली. दुपारी अडीचला सासूला जेवण द्यायला परत आली, चपला दारात काढल्या, मानेवरचा घाम पदरानं टिपला आणि पडद्याला हात घातला. पडदा बाजूला झाला, जसा काही नव्हताच.

आत सोजरबाई उठून बसली होती. खुबा मोडल्यापासून, म्हणजे संक्रांतीनंतर, डॉक्टरांच्या मते जिला आधाराशिवाय उठताच येणार नव्हतं ती बाई खाटेच्या काठावर बसली होती, एका हातानं खिडकीचा गज धरून. लुगडं कमरेखाली घसरलेलं, पाठ उघडी, मणके मोजून घ्यावेत असे. दुसऱ्या हातात लुगड्याच्याच टोकाचा बोळा, आणि त्या बोळ्यानं ती अंथरुणावरचं रबरी कापड पुसत होती. पुसायची, खाली ठेवलेल्या पातेल्यात पिळायची, परत पुसायची. पहिलीतलं पोर पाटी पुसतं तशी, जीभ दातांत धरून, मन लावून. मायाक्का किती वेळ उभी राहिली कोण जाणे. मागं सरावं हे तिला सुचलं नाही. मग म्हातारीनं मान वळवली.

नजरेत राग असता तर बरं झालं असतं. सोजरबाईच्या रागाची मायाक्काला चोवीस वर्षांची सवय होती. तो राग घरातल्या खांबासारखा झाला होता, कुठं आहे ते माहीत, अंधारातसुद्धा त्यावर डोकं आपटत नसे. पण ही नजर वेगळी होती. लोकर कातरून सोडलेलं मेंढरू कळपात जायच्या आधी क्षणभर तिथंच उभं राहतं, आपण कोण हे विसरल्यासारखं, तशी. मायाक्का घाईघाईनं म्हणाली, "आसू द्या आत्याबाई, मी करते की." आयुष्यात ती सासूशी जितकं मायेनं बोलली असेल त्यातलं सगळ्यात मायेचं हे वाक्य, आणि ते तोंडातून निघतानाच तिला कळलं की हे बोलायला नको होतं.

त्या दुपारपासून सोजरबाईनं पाणी सोडलं. तसं बोलून दाखवलं नाही. भाकरी दुधात कुस्करून दिली तर चार घास खाई, पण तांब्या पुढं केला की ओठ मिटून घेई. "तहान न्हाय." ताक? "आंबट हाय." सरबत? "गोड नगं." बाहेर त्रेचाळीस, चव्वेचाळीस. सोलापूरचा मे महिना, भिंतीला हात लावला तर भिंत चुलीवरून उतरवल्यासारखी. पंखा फिरायचा आणि गरम हवा एका कोपऱ्यातून उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवायचा. आणि रबरी कापड कोरडं. शुक्रवारी कोरडं, शनिवारी कोरडं. चार महिने ते कोरडंच सापडत होतं आणि मायाक्का मनात म्हणायची, म्हातारीचा लघवीवर ताबा चांगला आहे हो, या वयात. ताबा! आता तिला तो ताबा दिसला होता, पाठीच्या मणक्यांसकट. जुनी कडी स्टीलची पोकळ होती, दांडीही स्टीलची, पडद्याला बोट लागलं की खर्रर्र करून सगळी गल्ली जागी व्हायची, आणि आतून लगेच आवाज यायचा, "आलीस व्हय?" मायाक्काला वाटे, म्हातारी वाटच बघत असते टोमणा मारायला. तो टोमणा नव्हता. ती "आलीस व्हय" म्हणत असताना लुगडं वर ओढत होती, पातेलं पायानं खाटेखाली सारत होती. आवाजाच्या आणि चेहऱ्याच्या मधली ती चार-पाच सेकंदं तिची होती. घरात बाकी काहीच तिचं उरलं नव्हतं. आणि तेवढीही मायाक्कानं सव्वा वर्ष खपून, नायलॉनचं अस्तर लावून, काढून घेतली होती.

आता रविवार होता. उद्या सोमवारी कड्यांचा नमुना जायचा होता, होटगी रोडवर नवा दवाखाना उभा राहतोय तिथं. खाटेखाटेला पडदा, अडीच हजार कडी, आणि कागदावर लिहून दिलेली एकच मागणी, पडद्यांचा आवाज नको. प्रभुलिंगअण्णा, म्हणजे शेडचे मालक, कपाळाला विभूतीचे पट्टे ओढलेला साठीचा माणूस, शनिवारी येईल त्याला ते कडं दांडीवर फिरवून दाखवत होते. चहावाल्याला दाखवलं, लाईटबिल द्यायला आलेल्या माणसाला दाखवलं. "ऐका की. काय ऐकू आलं? काय नाही ना? तेच ऐकायचंय!" आणि मग मायाक्काकडं बघून, कानडी वळणानं, "अव्वा, कागदावर नाव तुझंच टाकायचं हां. डिझाईन करणार कोण? मायाक्का बिरुदेव देवकते. मी कशाला खोटं बोलू, मला वर्तुळ काढता येत नाही." डिझाईनच्या नकाशात उजव्या कोपऱ्यात खाली नाव लिहायची बारकी चौकट असते. गेली अकरा वर्षं त्या चौकटीत प्रभुअण्णांच्या इंजिनियर भाच्याचं नाव जायचं, जो पुण्यात होता आणि ज्यानं शेड पाहिलीही नव्हती. मायाक्का तिथं आली ती पिशव्या भरायला. एका पिशवीत दोन ब्रॅकेट, चार स्क्रू, दांडीच्या टोकांना लावायचे दोन गोळे. भरता भरता तिच्या लक्षात आलं की चौथा स्क्रू कुणीच बसवत नाही, कारण तिथं हात पोचत नाही. भोक पाव इंच खाली घेतलं तर पोचेल. तिनं पिशवीच्या पुठ्ठ्यावर काढून दाखवलं. मग कुणीतरी जुना कॉम्प्युटर आणून ठेवला, मग तिनं मोबाईलवर बघून बघून शिकून घेतलं, इंग्रजी शब्द वाचायचे नाहीत, नुसते आकाराने ओळखायचे, मेंढरं ओळखतात तसे. दहावी नापास बाई. पण पडद्याची दांडी म्हणजे शेवटी काय? भिंत नाही तिथं भिंत आहे असं मानायची सोय. त्या गोष्टीचा अभ्यास तिचा जन्मापासून होता.

मंद्रूपच्या पलीकडं कुठंतरी, बापाच्या साठ मेंढरांमागं, तिचं लहानपण उघड्यावर गेलं. आज या रानात, उद्या त्या. दोन काठ्या, एक घोंगडं, त्याला घर म्हणायचं. आई लुगडं बदलायची तेव्हा सगळे आपोआप दुसरीकडं बघत. कुणी सांगावं लागत नसे. बाप मायाप्पा बिऱ्हाडाकडं येताना लांबूनच उगाच हाळी द्यायचा, मेंढरांना, कुत्र्याला, कुणालाही. ती विचारायची, "आप्पा, कुत्रं तर तुमच्याच पायात हाय, मग वरडताय कुणाला?" तो हसायचा. साठ मेंढरांत घंट्या मात्र दोनच, एक म्होरक्या बकऱ्याच्या गळ्यात, एक सगळ्यात मागच्या म्हाताऱ्या मेंढीच्या. सगळ्यांनाच का नाही बांधत म्हणून तिनं हट्ट धरला होता एकदा, जत्रेतून तिला मूठभर घंट्या मिळाल्या होत्या. "समदीच वाजाय लागली तर ऐकाया काय येनार गं?" बाप म्हणाला होता. "येक वाजलं म्हंजी बास. आलं, येवढंच कळाय पायजे." हे सगळं तिला का आठवत होतं? पडद्याबाहेर, फरशीवर, भिंतीला पाठ लावून ती बसली होती, मांडीवर पाण्याचा तांब्या. फरशी तेवढी गार. आत जायचं धाडस होत नव्हतं. तीन दिवस ती आत जाताना खोकत होती, पण ते खोकणं तिचं तिलाच नाटकी वाटत होतं, आणि म्हातारीलाही वाटलं असणार, कारण आतून काहीच येत नव्हतं.

सकाळी नवऱ्याला फोन केला होता. बिरुदेव टेंभुर्णीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात, महिन्यातून दोनदा घरी. "पानी का पियीना?" त्यानं विचारलं. तिनं काय सांगायचं? मुलाला सांगणं म्हणजे तो पडदा परत एकदा उघडणं, आणि या वेळी बाईसमोर नाही, पोटच्या पोरासमोर. "काय म्हाईत. उन्हाचं आसंल." "आगं मग डॉक्टरला इचार की." डॉक्टरांना विचारलं. ते फोनवरच म्हणाले, संध्याकाळपर्यंत लघवी झाली नाही तर आणून सोडा, ॲडमिट करू, सलाईन लावावं लागेल, या वयात किडनीला वेळ लागत नाही. आणून सोडा, जशी दळणाची पिशवी. आणि तिथं काय असणार? खाट, खाटेभोवती पडदा, आणि पडदा कुणीही कधीही सरकवणार. उद्यापरवा त्या होटगी रोडच्या दवाखान्यात नेलं तर पडद्याला कडी कुणाची? मायाक्काला हसू आलं, अगदी थकलेलं, नाकातून निघून विझणारं. आपल्या नावाची चौकट!

आतून काहीतरी खरखरलं. म्हातारी कुशीवर वळली असेल. ओठ वाळले असतील. सकाळी मायाक्कानं ओला कापूस ओठांवर फिरवला तेव्हा जीभ आपसूक बाहेर आली होती, म्हातारीनं ती परत आत ओढून घेतली. एवढा निश्चय. ही बाई अशीच. लग्न होऊन मायाक्का आली तेव्हा घर म्हणजे नीलम नगरात एक खोली, आजूबाजूला तेलुगू लोकांचे माग, दिवसभर खटाखट खटाखट, भांडं पडलं तरी कळायचं नाही. खोलीच्या मध्ये तार, तारेवर लोखंडी कडी, कड्यांना हत्तींची ओळ विणलेली जुनी चादर. चादरीच्या अलीकडं सासू-सासरे आणि चूल. पलीकडं नवं जोडपं, ट्रंक आणि मोरी. न्हाणं पलीकडं, बदलणं पलीकडं, रडणंही पलीकडंच. आणि सासू यायची तेव्हा चादर एकदम कधी सरकवत नसे. खर्र. मग थांबायची. मग खर्रर्र. एकोणीस वर्षांची मायाक्का त्या आवाजानं दचकायची. त्या पहिल्या खर्रमध्ये तिला सगळं ऐकू यायचं, हुंडा कमी आणलास, उशिरा उठलीस, भाकरी जाड केलीस. एकदा घरात कुणी नसताना तिनं ट्रंकेवर चढून तारेला आणि एकूणएक कड्याला खोबरेल लावलं, चिंधीनं चोळून चोळून. दोन दिवस चादर मुक्यानं सरकली. तिसऱ्या दिवशी ती पाणी भरून आली तर सोजरबाई ट्रंकेवर चढलेली, हातात काथ्या आणि राख, तार घासतेय. भांडी घासावीत तशी. "तारंला कोन त्याल लावतंय का? चादर डागाळंल," एवढंच म्हणाली. मायाक्का त्या दिवशी मोरीत बसून रडली. एवढा द्वेष? दोन दिवसांची शांतता बघवली नाही हिला?

आणि कधीतरी, वर्षानुवर्षांनी, प्रभुअण्णांच्या शेडमध्ये बसून तिनं न वाजणारं कडं काढायला घेतलं, ते दवाखान्याची मागणी यायच्या कितीतरी आधी. कुणी विचारलं तर म्हणायची, लोकांना शांतता आवडते. पण चिंधी आणि खोबरेल तेच होतं. आता कोण राख घेऊन येतंय बघू.

कानात परत तेच आलं. खर्र. मग थांबणं. मग खर्रर्र.

मायाक्का भिंतीपासून सरळ झाली. तांब्यातलं पाणी मांडीवर हिंदकळलं. ते थांबणं. चोवीस वर्षं तिनं दोन खर्र ऐकले होते, मधली जागा ऐकलीच नव्हती. ती जागा किती होती? चोळीची दोन बटणं लावायला पुरेल एवढी. डोळे पुसायला पुरेल एवढी. नवरा शेजारी असेल तर त्यानं उठून बसायला पुरेल एवढी. एका खोलीत, चार माणसांत, जिथं दार नव्हतं आणि कोयंडा नव्हता, तिथं त्या अडाणी, तोंडाळ बाईनं एक दार करून ठेवलं होतं, आणि रोज, न चुकता, त्याच्यावर टकटक करून मगच आत येत होती. तोंडानं ती काय वाट्टेल ते बोलली. चादर सरकवताना मात्र एकदाही चुकली नाही. आणि सून ट्रंकेवर चढून त्या दारालाच तेल लावून गेली. राखेनं घासताना तिला काय वाटलं असेल? कशी सांगणार होती ती? असल्या गोष्टी सांगायच्या नसतात, सांगितल्या की त्यातलं सगळं जातं. चादर डागाळंल, म्हणाली.

जुनी आठ कडी गॅसशेजारच्या डब्यात होती. मायाक्का उठली, गुडघे कटकन वाजले. आठही बाहेर काढली. मग सात परत डब्यात टाकली. एक हातात ठेवलं, जरा चेमटलेलं, आतून ओरखडलेलं. पडद्याच्या कडेचं, हात घालतो तिथलं, पहिलं न वाजणारं कडं तिनं उघडून काढलं आणि दांडीचं टोक सोडवून तिथं जुनं सरकवलं. बाकीची सात मुकीच. मग पडद्याच्या कडेला दोन बोटं लावून जरासं ओढलं.

खर्र.

एकच आवाज, पण स्वच्छ. आठांच्या गोंगाटात तो कधी असा वेगळा ऐकू आला नव्हता. ती थांबली. आतून काही नाही. पंखा. गल्लीत एक रिक्षा. तिनं मनात पाच मोजले, मग दहा. काही नाही. वीस झाले, तरीही ती आत गेली नाही. तिला वाटलं, उशीर झाला. आत माणूस आहे, श्वास ऐकू येतोय, पण ते माणूस आता दार उघडणार नाही. आपण होतो त्या वेळी एकोणीस वर्षांच्या, आपण विसरलो, वाढलो. ही अठ्ठ्याहत्तरची आहे, हिनं कुठं वाढायचं?

तेवढ्यात फोन वाजला. प्रभुअण्णा. "मायाक्का, उद्या साडेदहाला ते लोक न्यायला येतेत बघ. नमुना पिशवीत भरून ठेव, डाग नको पडायला."

"अण्णा, नमुना बदललाय मी."

"काय बदलली?"

"आठातलं पहिलं कडं वाजनार. सात गप."

"अव्वा, ऊन लागलं का तुला? वाजू नये म्हणूनच तर सगळं केलं की आपण! लेखी दिलंय त्यांनी. पेशंटला आवाज नको."

"पेशंटनं दिलंय का लेखी?"

"आता पेशंट कुठनं देतोय लेखी?"

"त्येच म्हनते मी." मायाक्काचा आवाज चढला होता, हे तिच्या लक्षात नव्हतं, घरात एक पडदा आहे आणि पडद्यानं आवाज अडत नाही, हे जिच्या धंद्यातलं पहिलं ज्ञान तिच्या लक्षात नव्हतं. "आत मानूस आसतंय अण्णा. निजलेलं आसंल, उगडं आसंल, रडत आसंल. त्याला दार न्हाय. आपन भायेरनं आलो हे त्याला कळाय नगं? येकदा वाजवायचं आन् जरा थांबायचं. त्येवडं थांबनं पायजे त्याला. ते घिऊन टाकलं मी. मी घिऊन टाकलं आन् वर माज्या नावाची चौकट मागतीय."

"ऑर्डर गेली तर?" प्रभुअण्णा हळू आवाजात म्हणाले. "भाचा म्हणेलच, बाईला डोक्यावर घेतली म्हणून."

"जाऊ दे. त्याचंच नाव टाका मग, त्यालाच इचारतील." आणि लगेच, दमून, "माजी सासू तीन दिस पानी पियाली न्हाय अण्णा."

प्रभुअण्णांना त्याचा कड्याशी संबंध कळला की नाही कोण जाणे. घसा खाकरला त्यांनी. म्हणाले, "दोन्ही घेऊन ये उद्या. मी बोलून बघतो की. होतंय न होतंय, माझ्या हातात नाही." मग म्हणाले, "वाळा घालून पाणी दे त्यांना." "वाळा घालते," मायाक्का म्हणाली, आणि त्यांनी फोन ठेवला.

मायाक्का पडद्यासमोर उभी राहिली. चौकट, साचा, सव्वा वर्ष, सगळं कुठंतरी लांब, दुसऱ्याच बाईचं असल्यासारखं. चार वाजून गेले होते. खिडकीतून येणारा उन्हाचा पट्टा पडद्याच्या खालच्या काठावर चढला होता. तिनं परत दोन बोटं लावली.

खर्र.

आणि थांबली. या वेळी मोजलं नाही. आत आधी काहीच झालं नाही. मग खाट करकरली. मग लुगड्याची सळसळ, सावकाश, खूप सावकाश, एका हातानं करावी लागणारी. गजावर बांगडी आपटली. पातेलं फरशीवरून ओढलं गेलं, मध्ये अडलं, परत ओढलं गेलं. मायाक्काचा हात तिच्या नकळत पडद्याकडं गेला. मदतीला जायची तिच्या हातांना खोड होती. तिनं तो मागं घेतला आणि दुसऱ्या हातात धरून ठेवला.

"थांब जरा," आतून आवाज आला. वाळलेला, फुटका, पण हुकमी.

"थांबते की," मायाक्का म्हणाली.

केवढा वेळ गेला. उन्हाचा पट्टा दोन बोटं वर सरकला असेल. मग आतून खोकला, मग ठरलेलं, तीन दिवसांनी, "आलीस व्हय?"

"व्हय."

"ये मग. तांब्या भरून आन, त्यात वाळा टाक."

मायाक्का वळली. फरशीवर ठेवलेला तांब्या भरलेलाच होता हे तिला दिसेना. तेवढ्यात मागून परत आवाज आला, आता जरा मोठा, चोवीस वर्षांपूर्वीच्या ट्रंकेवरून आल्यासारखा.

"आन् मायाक्का, ह्या कड्याला त्याल लावू नगंस हां."